आठ कोअर आणि एक प्रूफ

संपादकांचा फोन जुलैत आला. यंदाच्या अंकाचं सूत्र 'सोबत'. कुणी वारीवर लिहिणार होतं, कुणी वृद्धाश्रमातल्या मैत्रीवर. "तू यंत्रांतला माणूस. त्या प्रोसेसरमध्ये म्हणे हल्ली आठ-आठ डोकी असतात. ती एका घरात कशी नांदतात ते बघून ये," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. बघायला लांब जावं लागलं नाही. पहिलं उदाहरण त्यांच्याच कार्यालयात सापडलं.

सात चौकोन निवांत

सदाशिव पेठेतल्या एका इमारतीचा दुसरा मजला. गणपती नुकतेच गेलेले, म्हणजे दिवाळी अंकवाल्यांच्या घरी लगीनघाई. टेबलावर प्रुफांचे गठ्ठे, त्यावर पेपरवेट म्हणून डिंकाची बाटली. डीटीपी करणाऱ्या ताई नव्या संगणकासमोर वैतागून बसल्या होत्या. संगणक उन्हाळ्यात घेतलेला, आठ कोअरचा. १६० पानांची पीडीएफ करायला घातली होती आणि निळी पट्टी गोगलगायीच्या चालीने सरकत होती.

"जुन्यात दोनच कोअर होते. हा आठचा म्हणून मालकांना पैसे खर्च करायला लावले. वेळ जवळपास तेवढाच लागतोय हो. चौपट नको, दुप्पट तरी धावायला हवा की नाही?"

मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि सगळे कोअर वेगवेगळे दिसतील असा आलेख लावला. पडद्यावर आठ चौकोन आले. त्यातला एक काठोकाठ भरलेला, बाकीचे सात तळाशी पेंगत होते. गंमत म्हणजे भरलेला चौकोन एकच एक नव्हता. थोडा वेळ तिसरा भरायचा, मग तो रिकामा होऊन सहावा भरायचा. ऑपरेटिंग सिस्टीम मुकादमासारखी ते काम एका कोअरकडून काढून दुसऱ्याकडे देत होती. काम मात्र एकच होतं आणि एका वेळी ते एकाच्याच डोक्यावर होतं.

"म्हणजे सात जण बसून पगार घेतायत," ताई म्हणाल्या. तक्रार अगदी रास्त होती.

कोअर म्हणजे स्वतःपुरता पूर्ण हिशेबनीस. पुढची सूचना आणायची, तिचा अर्थ लावायचा, बेरीज-वजाबाकी किंवा तुलना करायची आणि उत्तर जागेवर ठेवायचं, एवढं सगळं तो एकटा करतो. पूर्वीच्या प्रोसेसरमध्ये असा एकच हिशेबनीस असे. तरी गाणं वाजायचं, टाइपही करता यायचं, कारण तो काही मिलिसेकंदांनी एक काम सोडून दुसरं धरायचा आणि आपल्याला दोन्ही एकदम चालल्यासारखी वाटायची. आता एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर असे आठ हिशेबनीस बसवलेत. पण 'या सोळाशे बेरजा आठ जणांत वाटा' हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं सांगावं लागतं. ज्यानं सांगितलं नाही, त्याचा प्रोग्रॅम आठ कोअरच्या संगणकात एकाच कोअरवर चालतो. ताईंचं पानं लावायचं सॉफ्टवेअर त्या जातीचं निघालं.

मग कंपन्यांनी एकच कोअर आठपट वेगवान का केला नाही?

इस्त्रीच्या वीसपट

उत्तराचा निम्मा भाग तपकीर गल्लीत एका खोक्यात पडला होता. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या या गल्लीत संगणक दुरुस्तीच्या एका दुकानदारानं जुन्या प्रोसेसरचं खोकं जपून ठेवलंय. त्यानं एका जुन्या मदरबोर्डावरचा पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा काढला. ठोकळा हातात घेतला आणि मनगट खाली गेलं. ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धूळ गच्च बसलेली, तळाला तांब्याचा गोल. त्यावरची थर्मल पेस्ट डबीतल्या चुन्यासारखी वाळून खडखडीत झाली होती. खाली पेन्टियम फोर.

"हा घरात असला की हिवाळ्यात शेगडी नको," दुकानदार म्हणाला. "पंख्याचा आवाज शेजारच्या दुकानात जायचा, साहेब."

विनोद सोडून हिशेब करू. २००४ च्या सुमाराचे वरच्या श्रेणीचे पेन्टियम फोर ११५ वॉटच्या आसपास उष्णता टाकत आणि आतल्या चिपचं क्षेत्रफळ होतं ११२ चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक चौरस सेंटिमीटर. हजार वॉटच्या इस्त्रीचा तळ दोनशे चौरस सेंटिमीटर धरला, तर तिच्या वाट्याला दर चौरस सेंटिमीटरला पाच वॉट येतात. प्रोसेसरच्या वाट्याला शंभर. इस्त्रीच्या वीसपट दाट उष्णता, आणि ती बोटाच्या नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची! इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी २००१ मध्येच तज्ज्ञांच्या परिषदेत हे मांडलं होतं. या चालीनं गेलो तर चिपची उष्णता आधी अणुभट्टीची, मग रॉकेटच्या नळकांड्याची आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाची बरोबरी करेल, असा त्यांचा आलेख सांगत होता.

तोवर असं का झालं नव्हतं? आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर, जास्त वेगानं चालवूनही एकूण उष्णता वाढत नाही. या एका सवलतीवर उद्योगानं तीस वर्षं काढली. दर दोन वर्षांनी नवा संगणक घ्या, जुनाच प्रोग्रॅम आपोआप जास्त वेगानं पळणार. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की व्होल्टेज आणखी उतरवलं तर ते नीट बंदच होईनात. बंद नळाच्या वायसरमधून पाणी झिरपावं तसा प्रवाह झिरपू लागला. व्होल्टेज अडकलं आणि उष्णता चढायला लागली.

२००४ च्या मे महिन्यात इंटेलनं पेन्टियम फोरचा नियोजित वारसदार रद्द केला. पाठोपाठ ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियमही. त्या ऑक्टोबरात कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट एका परिषदेच्या मंचावर चक्क गुडघे टेकून, हसत हसत का होईना, माफी मागते झाले. वीस वर्षं उलटली, तरी आजचे संगणक ५-६ गिगाहर्ट्झच्या पुढे सरकलेले नाहीत, आणि तेवढाही वेग ते थोडाच वेळ धरतात.

वाट मिळाली ती तिसरीच. प्रोसेसर खातो ती वीज, ढोबळमानानं, घड्याळाच्या वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग वीस टक्क्यांनी उतरवला आणि त्याबरोबर व्होल्टेजही तेवढंच उतरवता आलं, तर विजेचा आकडा होतो ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ०.५१२. निम्मी वीज! मग उरलेल्या निम्म्या विजेत तसाच दुसरा कोअर शेजारी बसवा. खर्च पूर्वीएवढाच आणि काम, दोघांत वाटता आलं तर, १.६ पट. बहुकोअर प्रोसेसर जन्माला आला तो या हिशेबातून. जाहिरातींनी त्याला झेप म्हटलं. मला ती नीट आखलेली माघार वाटते. स्टॅनफर्डच्या कुन्ले ओलुकोटुन यांनी १९९६ मध्येच एका चिपवर अनेक प्रोसेसर बसवण्याची बाजू मांडली होती आणि आयबीएमचा दोन कोअरचा पॉवर-४ २००१ मध्ये आलाही होता, पण घराघरांत दोन कोअर शिरले ते २००५ मध्ये, भिंतीला डोकं आपटल्यावर.

दुकानदारानं खोक्यातून आणखी एक चौकोनी तुकडा काढला. एएमडीचा फेनॉम, तीन कोअरचा. तीन हा आकडा विचित्रच. मुळात ती चिप चार कोअरचीच. कारखान्यात एखादा कोअर नापास झाला की तो बंद करून चिप तीनची म्हणून स्वस्तात विकत. पुढे पुढे मागणी भागवायला धडधाकट चौथा कोअरही बंद करून विकत, आणि काही मदरबोर्डांवर २००९ च्या सुमारास तो परत उघडता यायचा. "लागला तर लागला, लॉटरी! नाही तर मशीन मध्येच लटकायचं." हे सांगताना त्याचा चेहरा खुलला होता. गिऱ्हाइकाला चौथा कोअर फुकट मिळवून देण्यात दुकानाची शान होती.

प्रत बाद झाली

आता परत सदाशिव पेठेत. गेल्या वर्षी माझ्याच एका लेखात एक साल चुकून छापलं गेलं. मी दुरुस्त केलं होतं, मुद्रितशोधकांनीही केलं होतं. पण त्या पानाच्या दोन झेरॉक्स दोन मुद्रितशोधकांकडे होत्या. पहिल्यानं साल दुरुस्त करून पान दिलं. दुसऱ्यानं दोन दिवसांनी आपल्या जुन्या प्रतीवर जाहिरातीतला फोन नंबर दुरुस्त केला. ताईंनी दुसरी प्रत ताजी समजून त्या पानाची तीच फाइल पुढे नेली. माझं साल परत चुकलं. त्यात दोष कुणाचा नव्हता. प्रती दोन होत्या, एवढंच.

बहुकोअर प्रोसेसरमधली सगळ्यात अवघड गोष्ट नेमकी हीच आहे. आठ हिशेबनीस बसवणं त्यामानानं सोपं. त्यांच्या हातातले कागद एकमेकांशी जुळते ठेवणं महाकठीण.

कागद हातात लागतातच कशाला? इथे मराठीनं एक उपकार करून ठेवलाय. प्रोसेसरमधल्या छोट्या जलद साठ्याला म्हणतात ती 'कॅश' आणि गल्ल्यातली 'कॅश' देवनागरीत सारखीच दिसते, आणि काम बरंचसं तसंच चालतं. मुख्य मेमरी ही बँक. तिथे सगळं आहे, पण जायचं म्हणजे रांग. म्हणून प्रत्येक कोअर खिशात थोडी रोकड ठेवतो, ही पहिल्या पातळीची कॅश. घरातल्या डब्यात थोडी जास्त, ती दुसऱ्या पातळीची. आणि साऱ्या बिऱ्हाडांचं मिळून एक कपाट, ती तिसरी. प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका म्हणजे एक सेकंद मानला, तर खिशातून काढायला चार-पाच सेकंद लागतात, कपाटातून पाऊण-एक मिनिट, बँकेतून चार-पाच मिनिटं. एसएसडीवरून आणायचं तर तीन-साडेतीन दिवस! ३ गिगाहर्ट्झच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा दहाच सेंटिमीटर जातो, आपल्या तळहाताच्या रुंदीएवढा. लांबच्या मेमरीची वाट बघत कोअर बसून राहू नये म्हणून खिसा लागतो.

पण खिसे आठ, म्हणजे एकाच आकड्याच्या आठ प्रती. यावरचा तोडगा आमच्या कार्यालयात कुणाला सुचला नव्हता, चिपवाल्यांना सुचला. प्रत्येक प्रतीवर एक शिक्का असतो. 'बदललेली', 'माझ्या एकट्याकडे असलेली', 'इतरांकडेही असलेली' आणि 'बाद' असे चार. इंग्रजी आद्याक्षरांवरून या रीतीला 'मेसी' म्हणतात, फुटबॉलपटूशी संबंध नाही. एखाद्या कोअरला आकडा बदलायचा असेल तर आधी तो बाकीच्यांना कळवतो. त्यांच्या खिशातल्या प्रतींवर 'बाद' पडतं, मगच हा लिहितो. दुसऱ्याला तो आकडा लागला की त्याला आपली प्रत बाद झालेली दिसते आणि तो ताजी मागवतो. कोअर थोडे असतील तर ही खबर दवंडीसारखी सगळ्यांना ऐकवतात. कोअर खूप झाले की दवंडीनं गोंगाटच होतो. मग तलाठ्याच्या दप्तरासारखी नोंद ठेवतात की कोणती प्रत कुणाकडे आहे, आणि निरोप त्यालाच जातो.

यातही एक खोडी आहे. प्रत निघते ती एका आकड्याची नव्हे, सलग ६४ बाइटच्या तुकड्याची. म्हणजे ओळीची झेरॉक्स नाही, अख्ख्या पानाची. एक कोअर पानाच्या वरच्या भागात लिहितोय, दुसरा खालच्या. दोघांचा एकमेकांच्या कामाशी काही संबंध नाही. तरी पान एकच असल्यामुळे प्रत्येक वेळी एकमेकांची प्रत बाद होत राहते आणि पान दोघांत येरझाऱ्या घालतं. माझं साल आणि जाहिरातीतला फोन नंबर! प्रोसेसरमध्ये यातून चूक होत नाही, कारण शिक्का असतो. फक्त वेळ जातो, आणि आठ कोअरवर वाटलेलं काम कधीकधी एकट्यानं केलेल्या कामापेक्षा रेंगाळतं. काही प्रोग्रॅमर अशा दोन आकड्यांच्या मध्ये मुद्दाम रिकामी जागा सोडतात, ती म्हणूनच.

आधी कोण, मग कोण

प्रती जुळल्या तरी क्रमाचा घोळ उरतोच. वेळ वाचवायला कोअर स्वतःची कामं मागंपुढं करतो. लिहायचं ते लगेच मेमरीत न टाकता आपल्या एका छोट्या टोपलीत ठेवतो आणि सवडीनं रिकामी करतो. एकटा असेपर्यंत कुणाला काही कळत नाही. पण समजा, एका कोअरनं मजकूर दुरुस्त केला आणि मग 'झालं' असा झेंडा लावला. शेजाऱ्याला झेंडा आधी दिसला आणि मजकूर जुनाच मिळाला, तर? असं खरोखर होतं. हजारात एकदा होतं, आणि दुरुस्ती करणारा मुद्दाम बघायला बसला की हमखास होत नाही.

या प्रश्नाचं आज जगभर मानलं गेलेलं उत्तर ज्यांच्या कामातून आलं, त्या सरिता अडवे पवईच्या आयआयटीत शिकल्या, १९८७ च्या तुकडीत. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्क हिल यांच्यासह त्यांनी १९९० मध्ये हा प्रश्न उलट बाजूनं धरला. यंत्रानं क्रम कुठे कुठे मोडला याच्या याद्या करत बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी करार करा. प्रोग्रॅमरनं कुठे एकमेकांसाठी थांबायचं ते स्पष्ट खुणा करून सांगायचं. तेवढं पाळलं, तर सगळी कामं एकाच रांगेत क्रमानं झाली असं त्याला दिसेल, याची हमी यंत्रानं द्यायची. मधल्या काळात यंत्रानं आपल्या टोपलीत काहीही करावं. जावा आणि सी प्लस प्लस या भाषांचे मेमरीचे नियम आज याच करारावर उभे आहेत. आपल्या मोबाइलमधल्या प्रत्येक ॲपखाली तो आहे.

संपादकांचा एक तास

थांबणं आलं की अमडाल आलेच. जीन अमडाल हे आयबीएमचे मोठे यंत्रकार. १९६७ मध्ये त्यांनी अनेक प्रोसेसरांच्या कल्पनेविरुद्ध भाषण केलं आणि त्यातला हिशेब त्यांच्या नावानं नियम होऊन बसला. बहुकोअरच्या प्रत्येक पुस्तकात तो असतो, बहुधा पहिल्याच प्रकरणात.

आमच्या अंकापुरता तो असा. एक विभाग लावायला दहा तास लागतात. त्यातला शेवटचा एक तास संपादक सलग वाचतात. त्या तासाचे वाटे पडत नाहीत, कारण वाचणारा एकच हवा. उरलेले नऊ तास आठ जणांत वाटले तर सव्वा तासाच्या आत संपतात. एकूण सव्वादोन तासांच्या आत. माणसं आठपट, वेग फक्त ४.७ पट. शंभर माणसं लावली तरी वेग दहापट होणार नाही, कारण तो एक तास तिथेच बसलेला आहे. ताईंच्या सॉफ्टवेअरमध्ये तर जवळजवळ सगळाच वेळ संपादकांचा तास होता.

म्हणून फोन घ्यायला गेल्यावर 'ऑक्टा-कोअर आहे ना?' हा प्रश्न तसा अर्धवट आहे. बहुतेक फोनमधले आठही कोअर सारखे नसतातच. एआरएमनं २०११ मध्ये थोरले आणि धाकटे कोअर एकत्र नांदवायची पद्धत आणली. दोन किंवा चार थोरले दमदार आणि विजेला खादाड, बाकीचे धाकटे, मंद पण काटकसरी. खिशात फोन पडून असतो तेव्हा धाकटे निरोपांवर नजर ठेवतात. कॅमेरा उघडला की थोरले उठतात. इंटेलनंही २०२१ पासून घरगुती संगणकांत हीच तऱ्हा धरली.

पाषाण रस्त्यावरचे शेजारी

सोबतीचं काम मन लावून बघायचं तर मात्र पुण्यातच राहावं. या शहराला एकत्र डोक्यांचा जुना नाद आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेनं ताकदवान क्रे महासंगणक भारताला द्यायला नकार दिला. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक ही संगणन संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एक अजस्र प्रोसेसर बनवणं आपल्या आवाक्यात नव्हतं. म्हणून ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' नावाचे छोटे प्रोसेसर एकत्र गुंफले. प्रत्येकाला चार दुवे, चार शेजाऱ्यांशी बोलायला. प्रत्येकाची मेमरी ज्याची त्याच्याकडे. एका वहीत सगळ्यांनी लिहायचं नाही, चिठ्ठ्या पाठवायच्या. त्यामुळे शिक्क्यांचा प्रश्नच आला नाही. 'कोणती चिठ्ठी कधी पाठवायची' हा प्रश्न मात्र प्रोग्रॅमरच्या गळ्यात आला.

पाषाण रस्त्यावरच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, आयआयटीएममध्ये, आज या दोन्ही तऱ्हा एकत्र चालतात. २०१८ मध्ये तिथे आलेला 'प्रत्यूष' हा महासंगणक क्रे कंपनीचाच होता, हा काळाचा विनोद. त्यानंतर २०२४ मध्ये 'अर्क' आला, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा. हवामानाच्या कामात पृथ्वीवर जाळं टाकतात आणि त्यातले पट्टे कोअरांना वाटून देतात. एकानं आपल्या पट्ट्यापुरता वारा, दाब आणि बाष्प काही मिनिटांनी पुढे सरकवायचं. पण वारा पट्ट्याची हद्द मानत नाही. म्हणून दर पावलाला प्रत्येक कोअर आपल्या कडेचे आकडे शेजाऱ्याला देतो, त्याच्या कडेचे घेतो आणि मगच पुढचं पाऊल टाकतो. एका प्रोसेसरच्या आतले शेजारी एका वहीतून बोलतात, दूरचे चिठ्ठ्यांतून. सगळ्यात मागे राहिलेल्याची वाट सगळ्यांना बघावी लागते, वारीतल्या दिंडीसारखी.

मे २०२५ मध्ये या संस्थेनं विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. आधीचं जाळं बारा किलोमीटरचं होतं, हे सहाचं. ऐकायला निम्मं. साधा हिशेब असा की घराची लांबी-रुंदी निम्मी केली की घरं चौपट होतात. घरं लहान झाली की वेळेची पावलंही लहान टाकावी लागतात, म्हणजे दुप्पट. काम आठपट. तालुक्याच्या पावसाचा अंदाज आणि घाटमाथ्याचा अंदाज वेगळा ओळखता यावा, एवढ्यासाठी.

ताईंचं सॉफ्टवेअर आम्ही बदललं नाही. पीडीएफ करायला घातली की त्या आता त्याच संगणकावर दुसऱ्या लेखाचं पान लावायला घेतात. टास्क मॅनेजरमध्ये दोन चौकोन वर जातात आणि त्या माझ्याकडे बघून मान हलवतात. मुद्रितशोधकांच्या टेबलावर एक रबरी शिक्का आलाय, लाल शाईचा, 'बाद'. या लेखाचं प्रूफ एकाच प्रतीत फिरलं आणि दर वेळी जुन्या प्रतीवर तो शिक्का पडला. तरीही एखादं साल चुकलेलं दिसलं, तर संपादकांना नको, मला कळवा.